बंपरचा रुबाब आणि दुसऱ्याचा पाय

परवा रंकाळ्याजवळ चहाच्या टपरीवर एक पोरगा भेटला. नवी कोरी थार, सीटवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. मोबाईलवर दोन फोटो काढून म्हणतो, "दादा, तुम्ही रस्त्यांवर, गाड्यांवर लिहिताय. ह्यातला कुठला बंपर घेऊ सांगा. एक पाइपचा हाय, वर हेडलाइटला जाळी. दुसरा जाड पत्र्याचा, त्याला विंच बसतंय."

मी म्हटलं, "कुठलाच नको."

तो हसला. "आणि मग गाडीला रुबाब कुटनं येणार?"

त्या 'रुबाब' शब्दासाठी ही पोस्ट लिहितोय. लांब आहे. पण गाडीवाल्यांनी वाचा, आणि ज्यांच्याकडं गाडी नाही, जे रस्त्याच्या कडेनं चालतात, त्यांनी तर नक्की वाचा. कारण हा विषय खरा त्यांचा आहे.

आधी माझी कबुली. दुसऱ्याला शहाणपण शिकवायच्या आधी स्वतःचं सांगितलेलं बरं.

दहा-बारा वर्षांपूर्वी मी सेकंडहँड बोलेरो घेतली. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा अशी बातमीसाठी फिरती. घाट, पाऊस, कच्चे रस्ते. गाडी घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात दोन कामं केली. काचेवर 'प्रेस'चा स्टिकर लावला आणि पुढं लोखंडी बंपर ठोकून घेतला. जाड पाइप, थेट चासीला बोल्ट, काळा रंग. दोन्ही कामांमागं कारण एकच होतं, समोरच्यानं बाजूला व्हावं. तेव्हा मी ह्याला 'सेफ्टी' म्हणायचो.

एका पावसाळ्यात घाटात दरड आल्याचा फोन आला आणि पहाटेच गगनबावड्याकडं निघालो. कळ्याच्या पुढं एका वळणावर डेअरीला दूध घालायला निघालेला सायकलवाला समोर आला. ब्रेक दाबला, गाडी जवळजवळ थांबलीच होती. शेवटच्या दोन-चार फुटांत पाइप त्याच्या पायाला लागला. किटली गडगडत गेली, दूध रस्त्यावर. गुडघ्याखाली हाड दोन ठिकाणी मोडलेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी जखम बघून माझ्याकडं न बघताच विचारलं, "पुढं गार्ड आहे काय गाडीला?"

माणूस सहा महिने घरात बसला. दवाखान्याचा खर्च मी दिला. पण त्या काळात त्याची एक म्हैस विकली गेली, ती काही मला परत आणून देता आली नाही. आजही त्या बाजूला गेलो की तो दिसतो, थोडा लंगडत चालतो, हात करतो. मला त्या हाताची भीती वाटते.

आणि आता जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगतो. त्या सकाळी दवाखान्याबाहेर मी गाडी बघितली. बंपरला साधा ओरखडा नव्हता. त्या क्षणी माझ्या मनात आलं, 'बंपर भारी निघाला.' त्यानंतरही तीन महिने मी तो तसाच मिरवत फिरलो. मग कधीतरी उतरवला.

कंपनीचा बंपर असता तर पाय मोडलाच नसता, असं मी छातीठोक म्हणत नाही. पण ज्या वस्तूला ओरखडा येत नाही, ती धक्का स्वतः घेत नाही, पुढं ढकलते. धक्का कुठंतरी जाणारच. त्या सकाळी तो एका माणसाच्या नडगीत गेला. एवढंच ह्या सगळ्या विषयाचं सार आहे. बाकीचं आता हिशेबानं बघू.

दोन टनांची गाडी ताशी ६४ किलोमीटरनं जाऊन थडकली तर धक्का केवढा? तीच गाडी साधारण १६ मीटर उंचीवरून, म्हणजे पाचव्या मजल्यावरून सोडली तर बसेल तेवढा. ६४ हा आकडा माझ्या मनचा नाही. भारत एनकॅपमध्ये गाड्यांची समोरून धडक घेऊन जी चाचणी होते, ती ह्याच वेगाला. ही ताकद कुठंतरी जिरवावी लागते. म्हणून गाडीचं नाक मुद्दाम चुरगळणारं केलेलं असतं. बंपर तुटतो, आतला पत्रा दुमडतो, आणि त्या चुरगळण्यात गाडी थांबायला थोडी जागा मिळते. ३० सेंटिमीटरच्या ऐवजी ६० सेंटिमीटरमध्ये गाडी थांबली तर आतल्या माणसाला बसणारा सरासरी जोर निम्मा होतो. आपण म्हणतो, "काय तकलादू गाड्या काढतात हल्ली, टेकली की पत्रा गेला." अरे, पत्रा गेला म्हणून तुमची छाती राहिली!

आता ह्या चुरगळणाऱ्या नाकापुढं लोखंडी पाइप लावून तो थेट चासीला बोल्टनं आवळला, की काय होतं? धक्का पत्र्यात जिरायच्या आधी सरळ चासीत शिरतो. चासीतनं सीटला. सीटवर कोण बसलंय ते तुम्हाला माहीत आहे.

दुसरी गोष्ट एअरबॅगची. एअरबॅग डोळ्यांनी बघून फुगत नाही. गाडीचा वेग किती झटक्यात तुटतोय ते सेन्सर मोजतो, आणि त्याचं गणित कंपनीनं मूळ बंपर धरून बसवलेलं असतं. पुढं चाळीस-पन्नास किलोचं वेगळं लोखंड आलं की ते गणित बिघडतं. नको तिथं बॅग फुटू शकते, आणि पाहिजे तेव्हा उशिरा फुटू शकते. हे सगळं काही मिलीसेकंदांत होतं, तिथं उशिराला माफी नाही. नव्या मॉडेलना ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या सीटची एप्रिल २०२१ पासून सक्तीची झाली. तिचे पैसे तुम्ही गाडीच्या किमतीत भरलेत. त्यावर आणखी हजारो रुपये खर्चून तीच निकामी करायची जोखीम घेता, ह्याला काय म्हणायचं?

तिसरी गोष्ट रस्त्यावरच्या माणसाची. बोनेटची कड, बंपरची गोलाई, आतली पोकळी, हे सगळं पायी चालणारा माणूस धडकला तर त्याला कमीत कमी इजा व्हावी म्हणून तपासलं जातं. आपल्याकडं तो नियम नव्या मॉडेलना २०१८ मध्ये आणि सगळ्या चालू मॉडेलना २०२० मध्ये लागू झाला. वरनं पाइप लावला की ती सगळी तपासणी पाण्यात. मोठ्या माणसाच्या मांडीला लागणारा पाइप शाळेतल्या पोराच्या छातीला किंवा डोक्याला लागतो. आपल्या गल्लीत पोरं खेळत असतात, हे लक्षात ठेवा.

कायद्याचं म्हणाल तर तोही स्पष्ट आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं की बेकायदा बसवलेले क्रॅशगार्ड आणि बुलबार ह्यांच्यावर कडक कारवाई करा, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरोधात आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात सांगितलं की कंपनीनं दिलेली मूळ रचना बदलेल असा फेरफार गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

एवढं असून आज कावळा नाक्यावर अर्धा तास उभं राहा आणि मोजा. पुढं लोखंड, मागं लोखंड, आणि काचेवर कुठल्यातरी पदाची पाटी. मोहीम निघते, चार दिवस पावत्या फाटतात, पेपरात फोटो येतो. तो फोटो मीही छापलाय. पाचव्या दिवशी सगळं जिथल्या तिथं. ह्या मोहिमेत पुढाऱ्याच्या ताफ्यातली गाडी अडवून बंपर उतरवल्याची बातमी करायची संधी मला वीस वर्षांत एकदाही मिळाली नाही. ज्या दिवशी मिळेल, त्या दिवशी पहिल्या पानावर लावा म्हणून मी संपादकांशी भांडीन.

आता आपल्या लोकांची कारणं घेऊ. मीही हीच द्यायचो, म्हणून ती मला पाठ आहेत.

"गवा आडवा येतोय." खरं आहे. राधानगरी अभयारण्यच गव्यांचं. दाजीपूर, गगनबावडा, आंबा, आंबोली, कुठल्याही रस्त्याला रात्री गवा उभा राहतो. डिसेंबर २०२१ मध्ये तर गवे शहराच्या वेशीपर्यंत आले आणि भुयेवाडीत एका तरुण पोराचा जीव गेला. पण गवा म्हणजे काय ते आठवा. मोठा नर हजार किलोच्या आसपास भरतो, खांदा माणसाच्या उंचीला. गाडी त्याच्या पायाला लागते आणि सगळं धूड बोनेटवरनं काचेवर येतं. बंपर राहतो खाली. काचेला कुठला गार्ड लावणार? गव्यापासून वाचवतो तो फक्त वेग. डिपरच्या उजेडात चाळीस-पन्नास मीटरच्या पुढचं धड दिसत नाही. ऐंशीच्या वेगात गवा दिसला, पाय ब्रेकवर गेला, गाडी थांबली, ह्यात कोरड्या रस्त्यावरसुद्धा सत्तर मीटर जातात. पन्नासच्या वेगात पस्तीस मीटरमध्ये काम होतं. हिशेब संपला. आणि तो जंगल त्याचं आहे, आपण त्याच्या अंगणातनं जातोय, हेही विसरायला नको.

"उसाच्या ट्रॉल्या." हेही खरं. हंगाम सुरू झाला की रात्री आपल्या रस्त्यांवर बिनलाइटच्या, बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या उभ्या असतात, आणि दरवर्षी त्यांच्यावर माणसं जाऊन आदळतात. मी अशा बातम्या इतक्या लिहिल्यात की मजकूर तोंडपाठ झालाय, फक्त गावाचं नाव बदलायचं. पण त्या अपघातांत गाडी कुठं फाटलेली असते? वरनं. गाडीचं नाक ट्रॉलीच्या खाली घुसतं आणि ट्रॉलीचा साठा काचेतनं आत येतो. गुडघ्याच्या उंचीचा बंपर तिथं काय करणार?

"गावात गर्दीत पत्रा खराब होतोय." हे सगळ्यात प्रामाणिक कारण. मंगळवार पेठेत, महाद्वार रोडला गाडी काढायची म्हणजे कोण ना कोण घासणारच. पण म्हणजे आपला दोन-चार हजारांचा रंग वाचावा म्हणून आपण दुसऱ्याचं हाड मोडायची तयारी ठेवतोय. ते वाक्य स्वतःशी एकदा मोठ्यानं म्हणून बघा.

"ऑफरोडिंग करतोय, महापुरात उपयोग होतोय." २०१९ ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, २०२१ ला पुन्हा तेच. तेव्हा लोकांना बाहेर काढलं ते बोटींनी, जवानांनी, आणि गावच्या ट्रॅक्टरवाल्यांनी. पाण्यात गाडीची उंची, टायर आणि ओढायचा हूक कामाला येतो, हेडलाइटवरची जाळी नाही. खरा ऑफरोडिंग करणारा गडी तुम्हाला पहिल्यांदा टायर, मग हूक आणि मग इंजिनखालचं संरक्षण सांगेल. शोभेचा पाइप तो शेवटी सांगेल, तोही हसत.

हा बुलबार मुळात ऑस्ट्रेलियातला. तिथं शेकडो मैल माणूस नाही, गॅरेज नाही. कांगारू धडकून रेडिएटर फुटला तर माणूस उन्हातान्हात अडकून मरेल, म्हणून लोखंड लावलं. त्यांनीसुद्धा पुढं त्याचं मानक ठरवलं आणि एअरबॅगशी जुळणारे बार काढले. युरोपानं २००५ मध्ये नियम करून, चाचणीत न बसणारे कडक बार नव्या गाड्यांवरनं हद्दपार केले. आपण मात्र दर पाच किलोमीटरला गॅरेज आणि दर शंभर फुटाला माणूस असलेल्या रस्त्यावर ते लावून फिरतोय. आणि चाचणी कसली? "घट्ट बसलाय न्हवं? हलत न्हाई न्हवं? मग झालं."

आता ज्यांच्या पोटावर हे येतं त्यांच्याबद्दल. उद्यमनगरातला, शिरोली-गोकुळ शिरगावच्या कडेचा फॅब्रिकेशनवाला म्हणेल, "साहेब, धंदा बंद करू काय?" त्याचा राग रास्त आहे. माझ्या गाडीचा बंपर करणाऱ्यानंही काम चोख केलं होतं, वेल्डिंगमध्ये खोट काढायला जागा नव्हती. चूक त्याच्या हाताची नव्हती, मी दिलेल्या ऑर्डरची होती. ज्या कोल्हापुरानं देशाला इंजिनाचे सुटे भाग पुरवले, त्याच्या कारागिराला आपण शोभेचे पाइप वाकवायला लावलेत.

माझं म्हणणं असं. तोच पाइप, तोच वेल्डर, तीच मशीन उसाच्या ट्रॉलीच्या मागं वापरा. ट्रॉलीच्या मागच्या बाजूला खाली आडवा गार्ड, की मागनं येणारी गाडी खाली घुसणार नाही. शेतात जाताना वर दुमडता येईल असा बिजागरीचा. त्याला लाल रिफ्लेक्टर आणि एक दिवा. परिवहन खात्यानं नमुना मंजूर करून द्यावा, साखर कारखान्यांनी सांगावं की हा गार्ड आणि रिफ्लेक्टर असल्याशिवाय ट्रॉली काट्यावर घेणार नाही. आपल्या जिल्ह्यात ट्रॉल्या किती आहेत बघा आणि सांगा, धंदा कमी होईल की वाढेल? हे लोखंड खरंच जीव वाचवेल. पुढं लावलेलं लोखंड आपला माज वाचवतं, मागं लावलेलं दुसऱ्याचं घर वाचवेल.

आता त्या पोराच्या प्रश्नाचं नीट उत्तर. कारण 'कुठलाच नको' म्हणून उठून जाणं सोपं असतं, आणि तो काही वाईट पोरगा नव्हता.

गाडीबरोबर कंपनीनं जो बंपर दिलाय तो तपासलेला आहे, तो ठेव. शोरूमवाला 'ॲक्सेसरी' म्हणून काही गळ्यात मारत असेल तर दोन गोष्टी लेखी माग: हा गार्ड ह्या मॉडेलबरोबर एअरबॅगसह तपासला आहे काय, आणि तो बसवून गाडी नोंदणीच्या कागदाशी जुळते काय. लेखी देत नसेल तर विषय संपला. 'सगळे लावतात' हे उत्तर नव्हे.

तरी पैसे घालवायचेच असतील तर जिथं खरं काम आहे तिथं घाल. इंजिनखाली कंपनीची सम्प प्लेट आहे काय बघ, घाटातल्या दगडांपासून ती वाचवते. टायर चांगले घाल. हेडलाइटची काच पुसून त्याचा कोन नीट लावून घे, म्हणजे गवा चार पावलं आधी दिसेल आणि समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत. ब्रेक तपास. आणि सीटबेल्ट लाव. बिनबेल्टचा माणूस आणि पुढं लोखंडी बंपर ही जोडी मी पोस्टमॉर्टेमच्या खोलीबाहेर उभं राहून बघितलीय.

आधीच बंपर लावलेला असेल तर ह्या रविवारी उतरव. बहुतेक गाड्यांना चार-सहा बोल्ट असतात, तासाभराचं काम आहे. भंगारात किलोवर पैसे मिळतील. उतरवल्यावर गाडी थोडी बोडकी वाटेल, मलाही वाटली होती. आठ दिवसांत सवय होते.

अपघात झाल्यावर विमा कंपनीचा सर्वेअर येतो तेव्हा तो पहिल्यांदा गाडीत काय बदल केलाय ते बघतो, हेही ध्यानात असू दे. तेव्हा त्याच्यापुढं रुबाब चालत नाही.

प्रशासनाला माझी विनंती थोडक्यात. रस्त्यावर पावत्या फाडायच्या आधी सरकारी आणि निमसरकारी गाड्यांची पाहणी करा, त्यांच्यापासून सुरुवात करा. मग पदाधिकाऱ्यांच्या. मग जिथं हे बंपर उघड विकले आणि बसवले जातात तिथं जा. शेवटी आमच्यासारख्यांना धरा. ह्या क्रमानं गेलात तर एकही माणूस तक्रार करणार नाही. उलट्या क्रमानं गेलात तर ते फक्त वसुलीचं काम ठरेल, आणि तसं मी लिहीन.

काही जण म्हणतील, कोल्हापूरचा गडी रांगडा, त्याची गाडीपण रांगडीच पाहिजे. मला ह्या मातीचा अभिमान आहे. पण आपल्याकडं तालमीत वस्ताद पहिलं काय शिकवतो? ताकद असली म्हणून वाटेवरच्या माणसाला धक्का मारायचा नाही. पैलवान गर्दीतनं जाताना अंग चोरून जातो. ज्याच्या अंगात काही नसतं तोच कोपर काढून चालतो. पुढं लोखंड लावलेली गाडी मला आता त्या कोपर काढून चालणाऱ्यासारखी दिसते.

तो थारवाला पोरगा अजून विचार करतोय. काल त्याचा फोन होता, "दादा, नुसता पुढचा छोटा लावू काय?" मी त्याला म्हटलं, रविवारी ये, आपण कळ्याला जाऊन येऊ, एका माणसाला भेटवतो. त्याच्याशी बोल आणि मग ठरव.

पटलं असेल तर ज्याच्या गाडीला बंपर आहे त्याला ही पोस्ट पाठवा. नसेल पटलं तर शिव्या द्या, पण मुद्द्याला धरून द्या. आणि कुणी रविवारी खरंच बंपर उतरवला तर बोडक्या गाडीचा फोटो टाका. त्याला पहिली लाइक माझी.